अर्ज कुणाला करता येतो? : नागरिकत्वाच्या एका जुन्या फॉर्मचा इतिहास

सोलापुरातल्या बहुतेक घरांच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी एक फोटो येतो. हातात छोटा अमेरिकन झेंडा, मागे सरकारी हॉल, खाली 'फायनली सिटिझन!' आणि त्याखाली पंधरा-वीस अभिनंदनं. आधी शिक्षणाचा व्हिसा, मग नोकरीचा, मग ग्रीन कार्ड, मग पाच वर्षं थांबून नागरिकत्वाचा अर्ज. हा रस्ता आता आपल्याला एवढा पाठ झालाय, की तो कायम असाच होता असं वाटतं.

नव्हता. शंभर वर्षांपूर्वी तिथे पाच नाही, पंधरा वर्षं राहून काम केलेल्या, टॅक्स भरलेल्या, सैन्यात गेलेल्या भारतीय माणसालासुद्धा हा अर्ज करता येतो का, हाच वाद होता. तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि तिथे आपण हरलो. पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, 'संशोधनाचा प्रश्न कसा शोधायचा?' त्यांच्यासाठी हे उदाहरण घेतोय. मी मूळचा एम.एस्सी.वाला. इतिहासाकडे आलो तो 'मोजमाप आणि वर्गीकरण कोण ठरवतं' या प्रश्नामुळे, आणि त्या प्रश्नाचं याहून चांगलं प्रकरण मला अजून सापडलेलं नाही.

सुरुवात कायद्यापासून करू. अमेरिकेच्या 1790 च्या कायद्यात लिहिलं होतं की परदेशी जन्मलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' नागरिक होऊ शकते. यादवी युद्धानंतर 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. म्हणजे गोरे चालतील, काळे चालतील, आणि मधल्या सगळ्यांनी आपण या दोनपैकी कोण ते सिद्ध करायचं. गंमत अशी की 'गोरा' म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात कुठेच नव्हती. ज्याने अर्ज घेतला त्या कारकुनाने, ज्याच्यासमोर तो गेला त्या न्यायाधीशाने ठरवायचं.

1906 च्या कायद्याने अर्जाची पद्धत देशभर एकसारखी केली. आधी 'इराद्याची घोषणा' भरायची, निदान दोन वर्षं थांबायचं, मग मुख्य अर्ज करायचा. एकूण वास्तव्य पाच वर्षांचं, ओळखणारे दोन साक्षीदार, इंग्रजी बोलता यायला हवं. यातला इराद्याच्या घोषणेचा फॉर्म तुम्ही एकदा तरी बघा, त्याचे नमुने ऑनलाइन सहज सापडतात. नाव, वय, व्यवसाय यानंतर ओळीने येतं : रंग, कांती, उंची, वजन, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या दिसणाऱ्या खुणा. मग जन्मगाव, कुठल्या बोटीने आलो, कुठल्या बंदरात उतरलो. आणि शेवटी शपथ : मी अराजकवादी नाही, मी बहुपत्नीक नाही, आणि ज्या परकीय राजाची मी प्रजा आहे त्याच्याशी असलेली निष्ठा मी कायमची सोडणार आहे.

आता हा राजा कोण? 1911 नंतर भारतातून गेलेला माणूस तिथे पंचम जॉर्जचं नाव लिहिणार. म्हणजे इकडे ज्याच्या राज्याविरुद्ध बोललं तर तुरुंग, त्याचीच निष्ठा तिकडे एका छापील फॉर्मवर, कारकुनासमोर, रीतसर सोडता येत होती. गदरच्या मंडळींना या ओळीवर सही करताना काय वाटलं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो.

फॉर्म हा उत्तम दस्तऐवज असतो, हे मला उशिरा कळलं. आपण पत्रं, भाषणं, आत्मचरित्रं शोधत बसतो. पण फॉर्ममध्ये भरलेल्या उत्तरांइतकेच त्यातले रकाने महत्त्वाचे. सरकारला तुमच्याबद्दल काय जाणून घ्यायचं होतं आणि काय नव्हतं, हे रकाने सांगतात. उंची हवी होती. शिक्षण नको होतं.

पहिलं गाजलेलं प्रकरण मुंबईकराचं. भिकाजी बलसारा हा कापसाच्या व्यापारातला पारशी गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये होता. 1909 मध्ये न्यायाधीश लाकोम्ब यांनी त्याचा अर्ज मंजूर केला, पण मनापासून नाही. सरकारने अपील करावं आणि वरच्या कोर्टाने एकदाचा निकाल लावावा, अशी त्यांची इच्छा होती. अपील झालं आणि 1910 मध्ये वरच्या कोर्टानेही पारशी लोक गोरे धरले. त्यानंतर काही ठिकाणी भारतीयांचे अर्ज मंजूर होऊ लागले, काही ठिकाणी नामंजूर. 1908 ते 1922 या काळात साठ-सत्तर भारतीय नागरिक झाले. आकडा लहान आहे, पण पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

आता भगतसिंग थिंद. अमृतसर जिल्ह्यातला हा शीख तरुण 1913 मध्ये अमेरिकेत गेला, ओरेगॉनमध्ये लाकडाच्या गिरणीत राबला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झाला. डिसेंबर 1918 मध्ये गणवेशात असतानाच त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. त्याने पुन्हा अर्ज केला. 1920 मध्ये ओरेगॉनच्या कोर्टाने तो मान्य केला, सरकार अपिलात गेलं, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं.

त्याचा निकाल लागण्याच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर 1922 मध्ये, त्याच कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा दावा फेटाळला होता. ओझावाचं म्हणणं साधं होतं : माझी कातडी बघा, पुष्कळ गोऱ्यांपेक्षा गोरी आहे. कोर्ट म्हणालं, कातडीच्या रंगावर जाता येत नाही; 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंदच्या बाजूला वाटलं, झालं काम! कारण त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणत होते. 19 फेब्रुवारी 1923 ला निकाल आला. कोर्टाने शास्त्रज्ञांचं वर्गीकरण बाजूला ठेवलं आणि म्हटलं की कायद्यातला शब्द सामान्य माणसाला जसा समजतो तसाच घ्यायचा, आणि सामान्य अमेरिकन माणूस हिंदू माणसाला गोरा म्हणत नाही.

दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिले, जॉर्ज सदरलँड यांनी. ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे दोन्ही निकाल एका बैठकीत, पाठोपाठ वाचावेत. आपल्याला पहिली चीड येते ती 'विज्ञान नाकारलं' याची. मलाही आली होती. पण जरा थांबून बघा, नाकारलं ते विज्ञान कसलं होतं? कवट्या मोजून, भाषांची कुळं रक्ताची कुळं समजून केलेलं वर्गीकरण. ते शास्त्र थिंदच्या सोयीचं होतं म्हणून खरं ठरत नाही. माझ्या मते कोर्टाने चुकीचं शास्त्र सोडलं, पण त्याहून वाईट गोष्टीसाठी : लोकांच्या पूर्वग्रहालाच त्याने कायद्याची व्याख्या बनवलं.

अजून एक शब्द पकडा : 'हिंदू'. थिंद शीख होता. पण तेव्हाच्या अमेरिकेत 'हिंदू' म्हणजे हिंदुस्थानातून आलेला कुणीही, मुसलमानसुद्धा हिंदूच. 1930 आणि 1940 च्या अमेरिकन जनगणनेत 'हिंदू' हा चक्क वंशाचा रकाना आहे. पुढे 1970 मध्ये तिथल्या भारतीयांना गोऱ्यांत मोजलं, आणि 1980 मध्ये 'एशियन इंडियन' असा वेगळा गट झाला. माणसं तीच, घर तेच, रकाना तीनदा बदलला. सांख्यिकीवाल्यांनी वेळमालिका काढायच्या आधी हे तपासायला हवं. नाहीतर लोकसंख्या वाढली-घटली असे निष्कर्ष निघतात आणि प्रत्यक्षात फक्त फॉर्म बदललेला असतो.

या प्रकरणातला जो भाग आपण भारतीय लोक सहसा सांगत नाही, तो आता सांगतो. थिंदचा युक्तिवाद फक्त 'मी कॉकेशियन आहे' एवढाच नव्हता. 'मी उच्च जातीचा आहे' हाही होता. त्याच्या बाजूने मांडलं गेलं की जातिव्यवस्थेमुळे वरच्या जातींचं आर्य रक्त शुद्ध राहिलं, आणि उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे लग्नाच्या बाबतीत तसंच बघतो जसं अमेरिकन गोरा काळ्या माणसाकडे बघतो. म्हणजे नागरिकत्वासाठी पुरावा काय, तर आम्हीही तुमच्यासारखाच भेदभाव करतो. निकालात कोर्टाने यावरही मत दिलं : जातीचे नियम रक्ताची सरमिसळ थांबवण्यासाठी होते खरे, पण ते पूर्ण यशस्वी झालेले दिसत नाहीत.

हा युक्तिवाद झाला त्या काळात अमेरिकेत जातीवर अभ्यास करणारी दोन मराठी माणसं येऊन गेली होती. श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढचे ज्ञानकोशकार, 1906 मध्ये अमेरिकेला गेले, 1909 मध्ये त्यांचं भारतातल्या जातींच्या इतिहासावरचं पुस्तक तिथेच निघालं आणि 1911 मध्ये कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन ते निघाले. आणि 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते भीमराव आंबेडकर. 9 मे 1916 ला गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी म्हटलं की युरोपीय अभ्यासकांनी जातिव्यवस्थेत रंगाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलंय. जातीचं खरं यंत्र म्हणजे गटाबाहेर लग्नाला बंदी. जात म्हणजे वंश नव्हे, बंदिस्त केलेला वर्ग.

ते तेव्हा पंचविशीत होते, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षाही लहान. थिंदच्या निकालाच्या सात वर्षं आधी, त्याच देशात, त्या युक्तिवादाचा पायाच त्यांनी एका सेमिनार पेपरमध्ये उखडून ठेवला होता. कोर्टात तो कुणी वाचला नाही, वाचण्याचं कारणही नव्हतं. पण आज हा विषय शिकवताना हे दोन कागद शेजारी ठेवायला हवेत. 'परदेशातल्या वंशभेदाला बळी पडलेले आपण' एवढीच गोष्ट सांगितली तर अर्धीच सांगितली जाते.

निकालानंतर सरकारने मागे जाऊन आधी दिलेली नागरिकत्वं रद्द करायला सुरुवात केली. ते साठ-सत्तर जण आठवतात ना? त्यांच्यावर खटले सुरू झाले. परिणाम नुसता कागदावरचा नव्हता. नागरिक होताना त्यांनी ब्रिटिश प्रजाजन हा दर्जा सोडलेला. अमेरिकेने काढून घेतल्यावर ते कुठलेच नाहीत. कॅलिफोर्नियाच्या 1913 आणि 1920 च्या कायद्यांनुसार नागरिकत्वास अपात्र परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती. वैष्णोदास बगाई हे मूळचे पेशावरचे, 1915 मध्ये बायकामुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले दुकानदार. 1921 मध्ये नागरिक झाले होते. नागरिकत्व गेलं, त्याबरोबर मालमत्ता अडचणीत आली. भारतात येऊन नातेवाइकांना भेटायचं तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले, तो त्यांना नको होता. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे चिठ्ठी ठेवली, ती तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली.

बायकांचं तर आणखी वेगळं. 1922 च्या केबल कायद्यानुसार अमेरिकन स्त्रीने नागरिकत्वास अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलं असेल तर तिचंही नागरिकत्व जायचं. तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी दास यांची अशी अवस्था झाली. जन्म अमेरिकेत, घराणं अमेरिकन, आणि देश नाही. त्यांनी याबद्दल जाहीरपणे लिहिलं. फाइली चाळताना 'पत्नी' हा रकाना मी आता सोडत नाही.

या सगळ्यात एक जण जिंकला. सखाराम गणेश पंडित. नाव वाचून तुम्ही त्यांना पुण्यात किंवा साताऱ्यात शोधाल. जन्म मात्र अहमदाबादचा, 1875 चा. (नावावरून माणसाचा जिल्हा ठरवण्याचा मोह संशोधनात आवरावा.) 1906 मध्ये ते अमेरिकेत गेले, 1914 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टातून नागरिक झाले, 1917 मध्ये कॅलिफोर्नियात वकिली सुरू केली. सुप्रीम कोर्टात थिंदची बाजू मांडणाऱ्यांत तेही होते. थिंद हरल्यावर सरकारने वकिलावरच खटला भरला : तुमचंही नागरिकत्व बेकायदा आहे.

पंडितांनी आपल्याच खटल्यात वेगळी वाट धरली. 'मी गोरा आहे' हे त्यांनी पुन्हा सिद्ध करायला घेतलंच नाही. ते म्हणाले, 1914 मध्ये याच मुद्द्यावर सुनावणी झाली होती, सरकारी अधिकारी हजर होता, त्याने विरोध केला होता, कोर्टाने त्याचं ऐकून माझ्या बाजूने निकाल दिला आणि तुम्ही अपील केलं नाही. तो वाद तिथेच संपला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व माहीत असतं, आपल्याकडे त्याला प्राङ्न्याय म्हणतात. शिवाय त्यांनी दाखवलं की त्या निकालाच्या भरवशावर मी आयुष्य उभं केलंय : वकिलीची सनद, मालमत्ता, अमेरिकन पत्नी. नागरिकत्व गेलं तर सनदही जाणार आणि पत्नीचं नागरिकत्वही.

खालच्या कोर्टात ते जिंकले. 1926 मध्ये अपील कोर्टातही जिंकले. 1927 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला, आणि सरकारने उरलेल्या भारतीयांवरचे खटले सोडून दिले. वंशावरचा मोठा युक्तिवाद हरला होता; एक रूक्ष प्रक्रियेचा मुद्दा जिंकला. ज्यांची नागरिकत्वं आधीच गेली होती त्यांना मात्र याचा उपयोग झाला नाही. बगाईंनी जीव दिला तो या विजयानंतर एक वर्षाने.

थिंदचं पुढे काय झालं? महायुद्धातल्या सैनिकांसाठी 1935 मध्ये खास कायदा झाला, त्याखाली 1936 मध्ये न्यूयॉर्कमधून त्याला तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालं, आणि ते टिकलं.

हा अर्ज सगळ्यांनीच करून बघितला असं नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच काळात पॅसिफिक किनाऱ्यावर होते, वॉशिंग्टन राज्यात शेतीशास्त्र शिकले, गदरच्या उभारणीत होते. ते 1924 मध्ये मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी संस्थेत मक्यावर आणि गव्हावर काम केलं. ब्रिटिश असेपर्यंत मायदेशी येणं शक्य नव्हतं. स्वातंत्र्यानंतर यायचं ठरवलं तर व्हिसा अडला, कारण ब्रिटिशांची जुनी काळी यादी नव्या सरकारच्या कपाटात तशीच होती! शेवटी अडथळा दूर झाला, ते परतले, आणि 1967 मध्ये नागपुरात गेले. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबद्दल शाळेत एवढं शिकलो, खानखोज्यांबद्दल एक ओळ नाही. हे माझं जुनं दुखणं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

पुढचा भाग तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल, म्हणून पटकन सांगतो. 2 जुलै 1946 ला ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना नागरिकत्वाचा अर्ज खुला झाला, आणि भारतासाठी वर्षाला 100 जणांचा कोटा ठरला. दलीपसिंग सौंद 1949 मध्ये नागरिक झाले आणि 1956 मध्ये थेट काँग्रेसमध्ये निवडून गेले. 1952 मध्ये नागरिकत्वातली वंशाची अटच गेली, 1965 मध्ये देशनिहाय जुना कोटा गेला. याच्या उलट येल्लाप्रगडा सुब्बाराव : औषधशास्त्रातलं एवढं मोठं काम अमेरिकेत केलं, 1946 नंतर दार उघडं होतं, तरी 1948 मध्ये वारले ते अमेरिकेचे नागरिक न होताच.

आज वंशाचा रकाना पात्रतेसाठी नाही. पण कोट्याचं भूत पूर्ण गेलेलं नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं असतात आणि एका देशाला त्यातला साधारण 7 टक्के वाटा, देश भारत असो की आइसलँड. त्यामुळे सोलापूरहून गेलेला इंजिनिअर दहा-बारा वर्षं रांगेत राहतो आणि पाच वर्षांचं घड्याळ ग्रीन कार्ड हातात आल्यावरच सुरू होतं. मधल्या काळात आई आजारी पडली म्हणून सोलापुरात सलग सहा महिन्यांच्या वर राहिलात, तर वास्तव्य खंडित झालं का, हा प्रश्न अर्जात पुढे येतो.

आणि या रस्त्याचं दुसरं टोक आपल्याकडे आहे, ज्यावर अजून फारसं संशोधन झालेलं नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे, तुम्ही स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. झेंड्याचा तो फोटो काढला जातो तेव्हा ते संपलेलं असतं. पासपोर्ट जमा करणं ही नंतरची औपचारिकता. 2005 पासून ओसीआय कार्ड मिळू लागलं. त्यावर येता येतं, राहता येतं. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते.

आता हे मोहोळ किंवा पंढरपूर तालुक्यातल्या एखाद्या घरात नेऊन बघा. दोन भाऊ, एक इथे डाळिंब करतो, एक टेक्सासमध्ये नागरिक झालेला. वडील गेले, दोघांची नावं सातबाऱ्यावर लागली. शेजारचे दोन एकर विकायला निघाले तर इथला भाऊ घेऊ शकतो, तिथला नाही, पैसे त्याचे असले तरी. मग जमीन कुणाच्या नावावर होते, भावाच्या की आईच्या, पुढच्या पिढीत वाटणीला काय होतं? कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांनी 1920 नंतर नेमकं हेच केलं होतं : तिथे जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर किंवा ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावावर जमीन. कारणं वेगळी आहेत, दोन्ही कायदे एका मापाने मोजू नका. पण कागद वाचायची रीत तीच : नावावर कोण आहे, आणि नांगर कुणाचा आहे.

ज्यांना या विषयावर आराखडा लिहायचा असेल त्यांनी वॉशिंग्टनच्या अभिलेखागारापासून सुरुवात करू नका. एक तालुका निवडा, फेरफाराच्या नोंदी मागवा आणि 2005 नंतरची बक्षीसपत्रं आणि हक्कसोडपत्रं वेगळी काढा. तलाठी कार्यालयात सकाळी लवकर जा. सर्व्हर दुपारी झोपतो.